व्हेंटिलेटर निघाला, पेशंट घरी आला. मग महिन्याभराने धाप का लागते?

खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळकडे उतरताना लागणारं ‘एस’ वळण अपघातांसाठी बदनाम आहे. अशा अपघातात डोक्याला किंवा छातीला जबर मार बसला, तर जखमीला बऱ्याचदा व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. दोन-तीन आठवड्यांनी ‘व्हेंटिलेटर काढला’ असा फोन येतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. काहींच्या श्वासनलिकेचं दुखणं मात्र त्यानंतर सुरू होतं.

व्हेंटिलेटरची हवा तोंडातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून जाते. नळीच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, त्याला कफ म्हणतात (खोकल्यातला कफ नव्हे!). तो फुगवला की बाजूने हवा गळत नाही. त्यातला दाब साधारण २० ते ३० सेंटीमीटर पाणी एवढा ठेवतात. जास्त दाब राहिला तर श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा दबतो आणि जखम होते. भाजलेली कातडी बरी होताना ओढली जाते ना, तसंच इथे होतं. जखम भरते, व्रण आखडतो आणि श्वासनलिका तिथेच अरुंद होते.

नळी बरेच दिवस लागणार असं दिसलं की डॉक्टर ट्रॅकिओस्टॉमी सुचवतात. ‘गळ्याला भोक पाडणार’ हे ऐकून नातेवाईक हादरतात, पण त्यामुळे स्वरयंत्रावरचा ताण टळतो. अर्थात छेदाच्या जागीही व्रण आखडू शकतो.

हे लगेच कळत नाही. काही आठवडे, कधी महिनेही जातात. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण दीड-दोन सेंटीमीटर रुंद असते. ती ८ मिलिमीटरच्या आसपास आली की जिना चढताना धाप लागते, ५ वर आली की बसल्या जागी. श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो.

खरा घोळ इथे होतो. दमा समजून पंप सुरू होतो. पंपाने दम्यात आवळलेल्या बारीक नळ्या सैल होतात, व्रणाने आखडलेली मोठी नळी नाही. म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरांना आधी सांगा, ‘अपघातानंतर इतके दिवस नळी होती.’ कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून तपासतात. अरुंद जागा फुग्याने रुंद करता येते, किंवा तेवढा भाग काढून दोन टोकं शिवता येतात.

बसल्या जागी धाप आणि श्वासाला आवाज, दोन्ही असेल तर ओपीडीच्या नंबरची वाट बघू नका, थेट १०८ ला फोन करा.