लाल भिंतीची किंमत

गेरू कोणाला ठाऊक नाही? तुळशीवृंदावनाला किंवा ओटीच्या कडेला गेरूचा हात फिरला की घराला ऊब येते. माती स्वस्त, पण शोभा मोठी. असाच गडद तांबडा रंग दोन हजार वर्षांपूर्वी इटलीतील पाँपेई नगरात खोलीच्या साऱ्या भिंतींवर चढला होता. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीने ते नगर राखेखाली पुरले, आणि त्या राखेनेच त्या भिंती जपून ठेवल्या.

परंतु या भिंतींवरील लाल एकच नव्हे. एक लाल लोहयुक्त मातीचा, म्हणजे आपल्या गेरूचा सख्खा भाऊ. दुसरा हिंगुळाचा, हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचे खनिज. दोन्हींनी खोली उबदार दिसते. मग धनिक मंडळी हिंगुळाच्याच मागे का लागली? आमच्या मते याचे उत्तर रंगात नाही, भावात आहे.

प्लिनी या रोमन ग्रंथकाराने नोंदविले आहे की, हिंगुळाचा भाव कायद्याने बांधलेला होता : एका पौंडाला सत्तर सेस्टर्सपेक्षा अधिक घ्यावयाचे नाहीत. स्पेनमधील खाणींतला माल मोहरबंद होऊन रोमला येई व तेथे धुतला जाई. त्याच्या आधी होऊन गेलेला वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हिअस कुरकुरतो की, पूर्वीचे लोक हिंगूळ औषधासारखा जपून वापरीत, आता सबंध भिंती त्यानेच माखतात! तोच सांगतो की, असले महाग रंग ठेकेदाराच्या करारात धरीत नसत. ते घरमालकाने पुरवावयाचे. पाहुण्याने भिंत पाहिली की मालकाची ऐपत वाचता येई.

या हौसेची फजितीही व्हिट्रूव्हिअसनेच लिहून ठेवली आहे. फाबेरिअस नावाच्या लेखनिकाने रोममधील आवेंटाइन टेकडीवरच्या आपल्या घरी अंगणाभोवतीच्या भिंती हिंगुळाने रंगविल्या. तीस दिवसांत उन्हाने रंग विटून भिंती विद्रूप झाल्या आणि दुसरे रंग लावून घ्यावे लागले. गेरूला ऊन बाधत नाही. उलट पिवळी माती तापली की तांबडी होते. पाँपेईतील काही लाल भिंती मुळात पिवळ्या होत्या व ज्वालामुखीच्या उष्णतेने लाल झाल्या, असे संशोधकांना आढळले आहे.

आता रंगाऱ्याकडे वळू. प्लिनी म्हणतो, रंगारी कुंचला हिंगुळाने भरून घेत आणि वरचेवर पाण्यात धूत. तळाशी बसलेला रंग त्यांचा होई. चोरीचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु ज्या हातांना रंग लावण्यापुरताच मिळतो, त्या हातांचा हिशेब कोणी लिहिला नाही, हेही विसरता येत नाही. हिंगूळ कुटणारे कामगार विषारी धूळ नाकात जाऊ नये म्हणून जनावराच्या मूत्राशयाचा पातळ पडदा तोंडावर बांधीत, ही नोंद मात्र प्लिनीने केली. म्हणजे धोका मालकांना ठाऊक होता!

स्पेनच्या आल्मादेन परिसरात पुढे शतकानुशतके हिंगूळ निघत राहिला. सोळाव्या शतकात त्यातील पारा अमेरिकेतील चांदी शुद्ध करण्यासाठी हवा होता, आणि खाणीत शिक्षा झालेले कैदी जुंपले जात. १५९३ मध्ये कादंबरीकार मातेओ आलेमान सरकारी चौकशीसाठी तेथे गेला व कैद्यांच्याच जबान्या त्याने लिहून घेतल्या. भट्टीवरच्या माणसांचे हातपाय थरथरत, काहींना वेड लागे. भिंतीच्या पाठीमागचा माणूस तेथे प्रथमच बोलताना आम्हाला ऐकू येतो.

प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने इमारतींच्या आतील रंगकामात शिसेयुक्त सफेद्याच्या वापरावर बंदीचा करार केला, तो रंगाऱ्यांच्या आजारांमुळेच. घरगुती रंगांत दहा लाख भागांत नव्वदांहून अधिक भाग शिसे नसावे, हा नियम आपल्या देशात २०१६ मध्ये झाला. पाँपेईपासून येथवर यावयास किती पिढ्या लागल्या, ते पाहा.

घर सजवू नये असे आम्ही म्हणत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसालाही उबदार भिंत हवीच असते. फक्त रंग निवडताना छटेबरोबर एवढेही विचारावे : हा कोणी खणला, कोणी कुटला, आणि लावणाऱ्याच्या छातीत काय गेले?