सड्यावरचा गेंडा

गेंडा बघायला लोक काझीरंगाला जातात. आम्हा रत्नागिरीकरांना सडा पुरे! पायी हिंडायचं, नजर खाली. जांभ्यावरच्या कातळशिल्पांत हत्ती, मासे आहेतच, पण चक्क गेंडाही आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई गावोगाव विचारत सडे तुडवत फिरले, म्हणून हे आपल्याला कळलं. २०२२ मध्ये यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

पण कोकणात गेंडा? कोरणाऱ्याने इथेच पाहिला, की कुठूनतरी येताना डोळ्यांत साठवून आणला? गुजरातेत लांघणजच्या मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचं हाड सापडलंय. मला तरी तो इथेच चरत होता असं वाटतं. जांभ्याच्या मातीत हाडं टिकत नाहीत. साक्षीदार काय तो हा कातळ. आणि चिरेखाणी नेमक्या तोच कापतात!