नऊशे रायफली आणि एक पिस्तूल

विमानतळावरच्या ग्रीन चॅनेलमधून बॅग ढकलत बाहेर पडताना मला उगाचच धडधडतं. बॅगेत असतं काय, तर चॉकलेटं! स्वतःच्या शिडाच्या बोटीने हौसेखातर दुसऱ्या देशात जाणाऱ्यांचं मात्र वेगळं असतं. बंदरात शिरताना पिवळा झेंडा चढवायचा, म्हणजे 'बोटीवर सगळे ठणठणीत आहेत, आत येऊ द्या'. मग बरोबर काय आणलंय ते कस्टम्सला आपणच सांगायचं. थोडक्यात, युजरच्या इनपुटवर विश्वास! तो कुठे गोत्यात आणतो, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

गोष्ट १९१४ सालची. आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्या राज्यात होतं आणि 'होमरूल'वरून वातावरण तापलं होतं. (टिळकांनी १९१६ मध्ये काढलेल्या लीगचं नाव मूळ तिथलंच.) शस्त्रं आणायला बंदी होती, तरी होमरूलच्या विरोधकांनी एप्रिलमध्ये जर्मनीहून हजारो रायफली उतरवून घेतल्या. मग समर्थकही मागे कसे राहतील?

त्यांच्या मदतीला आला एर्स्किन चिल्डर्स. जन्माने इंग्रज, ब्रिटिश पार्लमेंटात कारकुनी केलेला. जर्मनीचा इंग्लंडवरच्या स्वारीचा बेत दोन हौशी नावाडी उघडकीस आणतात, अशी गाजलेली कादंबरी याने १९०३ मध्ये लिहिली होती. आता हाच गडी स्वतःच्या बोटीतून जर्मन बाजारातल्या रायफली आणायला निघाला!

बोटीचं नाव 'असगार्ड', सासू-सासऱ्यांनी लग्नात दिलेली. १२ जुलैला बेल्जियमच्या किनाऱ्यापलीकडे, भर समुद्रात, हँबर्गहून आलेल्या टगवरून ९०० रायफली आणि २९,००० काडतुसं तिच्यात भरली. त्यावर गाद्या टाकून मंडळी झोपत. मंडळी म्हणजे चिल्डर्स, त्याची बायको मॉली, मेरी स्प्रिंग राइस, एक मित्र आणि दोन आयरिश कोळी. वाटेत ब्रिटिश युद्धनौकांच्या ताफ्यातून ते निघाले. २६ जुलैला, भर दुपारी, डब्लिनजवळच्या हौथ बंदरात माल उतरला.

त्याच संध्याकाळी डब्लिनमध्ये सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. ४ ऑगस्टला ब्रिटन महायुद्धात उतरलं आणि चिल्डर्स चक्क ब्रिटिश नौदलात दाखल झाला!

शेवट मात्र चटका लावणारा. १९२२ मध्ये ब्रिटनशी झालेल्या तहावरून आयरिश लोकांचंच आपसात युद्ध पेटलं. चिल्डर्स तहाच्या विरोधात होता. नव्या आयरिश सरकारने त्याला पकडलं. आरोप काय? विनापरवाना एक छोटं पिस्तूल बाळगलं. २४ नोव्हेंबरला त्याला गोळ्या घातल्या. त्याआधी त्याने गोळ्या झाडणाऱ्या प्रत्येक शिपायाशी हस्तांदोलन केलं म्हणे.

नऊशे रायफलींनी हिरो केलं, एका पिस्तुलाने जीव घेतला. माल कोणता यापेक्षा तो कोणाच्या हातात आणि तपासणारा कोण, यावरच सगळं ठरलं. पुढे १९७३ मध्ये त्याचाच मुलगा आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला. 'असगार्ड' आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात दिमाखात उभी आहे.

असो. पुढच्या वेळी ग्रीन चॅनेलमध्ये धडधडलं, तर चिल्डर्स आठवेल. चॉकलेटं तर चॉकलेटं!