वैवाहिक भावनिक थकवा

पती-पत्नी एका घरात राहत असतानाच त्यांच्यातला जिव्हाळा आणि एकमेकांविषयीची आशा हळूहळू आटण्याची अवस्था. भांडणे वाढण्यापेक्षा ती बंद पडणे हे तिचे अधिक गंभीर लक्षण. भांडणाऱ्याला समोरच्याकडून अजून काही हवे असते.

‘बर्नआउट’ ही संज्ञा मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये सेवाभावी कामाने शिणलेल्या कार्यकर्त्यांबद्दल वापरली. मानसशास्त्रज्ञ आयाला पाइन्स यांनी १९९६ च्या ग्रंथात ती दांपत्यांना लावली. संसारानेच आयुष्याला अर्थ द्यावा, ही अपेक्षा जितकी मोठी तितका भंग खोल, असे त्यांचे प्रतिपादन. जागतिक आरोग्य संघटना मात्र बर्नआउट केवळ नोकरीपुरते मानते. म्हणजे वैवाहिक थकवा हे वर्णन आहे, निदान नव्हे.

दुराव्याचा नेहमीचा क्रम असा: एक जण विषय काढतो, दुसरा टाळतो, पहिला रेटतो, दुसरा गप्प होतो. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार असा गप्प बसलेला माणूस शांत नसतो, त्याची नाडी धावत असते. जोडीदाराला मात्र दिसतो तो फक्त तुटकपणा.

मुंबईतील विक्रोळीसारख्या उपनगरात या दुराव्यात जागेच्या आणि वेळेच्या अडचणीची भर पडते. कन्नमवारनगर, टागोरनगरच्या लहान घरांत सासू-सासरे, मुले आणि टीव्ही एकाच खोलीत. तिथे ना मोकळेपणी भांडता येत, ना जवळ बसता येत. एकाची कारखान्यात रात्रपाळी, दुसऱ्याची सकाळची धीमी लोकल, मग बोलणे उरते गॅस, फी आणि डब्यापुरते. अबोला धरायलाही निवांतपणा लागतो! समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी नोकरदार स्त्रीच्या घरकामाला १९८९ मध्ये ‘दुसरी पाळी’ म्हटले. भारताच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. अशा घरात ‘तू बदललीस’ या तक्रारीमागे पुष्कळदा निव्वळ अपुरी झोप असते, आणि स्वभावाची चिकित्सा करण्याआधी ती तपासावी.

दुरावा न्यायालयापर्यंत गेला, तर कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा लागतो. त्यासाठी वांद्रे येथील कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. नुसता दुरावा हा हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचा स्वतंत्र आधार नाही. परस्परसंमतीच्या अर्जातील सहा महिन्यांची प्रतीक्षा न्यायालय योग्य प्रकरणी माफ करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.