माळवद : पाडायचं की ठेवायचं?

तुळजापूरकडचं आमचं माळवद यंदा पुन्हा गळलं. बाबा म्हणतात, पाडा आणि स्लॅब टाका. आजी म्हणते, पांढरी माती टाकली की झालं. दरवर्षी तेच केलं आणि थर दोन फुटांवर गेला. हिशोब केला तर दर चौरस मीटरला जवळपास एक टन!

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती सुटल्या आणि वरचं हे ओझं झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. कमी नुकसान झालेल्या घरांना मात्र दुरुस्तीच सुचवली होती : माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा. पण बऱ्याच जणांनी त्या पैशात शेजारी नवी खोली बांधली. जुन्या भिंतींखाली झोपवतच नव्हतं!

म्हणजे आजीची दुरुस्ती ओझं वाढवणारी, आणि बाबांचा स्लॅब त्याच कच्च्या भिंतींवर. मी म्हटलं, आधी माती उतरवू, मग भिंती बघू. त्या धड नसतील तर पाडू. आजी अजून बोलत नाहीये. असो.