वर्ग, वर्गणी आणि पवनी

भाषाशास्त्रज्ञ काय म्हणायचं ते म्हणोत, पण वर्ग आणि वर्गणी या दोन शब्दांचं रक्ताचं नातं आहे असं माझं ठाम मत आहे. वर्ग जमवायचा म्हटलं की वर्गणी आली, आणि वर्गणी आली की वर्ग फुटलाच म्हणून समजा. शाळेतल्या सहलीपासून हे चालत आलेलं आहे. फरक एवढाच, की तेव्हा वर्गणी बुडवणारा वडिलांचं कारण सांगायचा, आता सुनेचं सांगतो.

आम्ही १९७० साली बी.ए.ला इतिहास घेऊन बाहेर पडलो ते एकूण सात जण. सहा मुलगे आणि एक मुलगी. वर्ग लहान, कारण इतिहास घेतल्यावर पुढं भविष्य काय, हे त्या काळीही पालकांना ठाऊक होतं. पन्नास वर्षं उलटून गेल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की एकदा सगळे भेटू या. नावं सांगत बसत नाही. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारत आलो. तुमसर, साकोली, लाखनी, मोहाडी, मी भंडारा, आणि पवनी तालुक्यातला एक नदीकाठचा, त्याला आम्ही काठ म्हणत असू. वर्गातल्या एकुलत्या एक मुलीला मात्र तीन वर्षांत कुणी हाकच मारली नव्हती. तिचा आता नागपुरात मोठा गोतावळा आहे, आणि ती आम्हा सगळ्यांना सरसकट "काय रे" म्हणते. त्यामुळं आम्ही तिला नागपूरच्या बाई म्हणतो, तेही जपून.

यातला मोहाडी तीन वर्षांपूर्वी गेला. म्हणजे उरलो सहा. सहा माणसांच्या मेळाव्यासाठी पाच जणांची समिती झाली. सहाव्याला, म्हणजे लाखनीला, फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तो समितीबाहेर राहिला. आम्ही ठरवलेलं सगळं विनातक्रार मान्य करणारा तो एकटाच सभासद.

पहिला प्रश्न तारखेचा. इतिहासात मौर्यपूर्व, सातवाहनोत्तर असे कालखंड असतात. आमच्या वयात कालगणना ऑपरेशनांवरून चालते. साकोलीला मोतीबिंदूपूर्व काळ सोयीचा, तर मला गुडघेबदलोत्तर. तुमसरची भाताची गिरणी, त्यामुळं धान निघायच्या दिवसांत तो देवालाही वेळ देत नाही. दिवाळीनंतर लग्नं, लग्नांनंतर थंडी, थंडीनंतर विदर्भातला उन्हाळा. वर्षात तीनशे पासष्ट दिवस असतात ही अफवा असावी असं वाटण्याइतपत वेळ गेला. शेवटी माघातला एक रविवार मिळाला.

दुसरा प्रश्न जागेचा. तुमसरनं लगेच आंबागडचं नाव काढलं. गोंड राजा बख्त बुलंदच्या काळात, १७००च्या सुमारास, राजाखान पठाणानं बांधलेला हा डोंगरी किल्ला तुमसरजवळ आहे. पुढं भोसल्यांनी तिथं कैदी ठेवले, आणि आतल्या विहिरीचं सडलेलं पाणी पाजून त्यांना मारत, असं सांगतात.

"वर्गमित्रांना न्यायला जागा चांगली आहे," बाई म्हणाल्या, "पण वर्गणी घेतल्यावर ने."

"अन् चढन कोन बाप्पा तिथं?" काठ म्हणाला. "आपले गुडघे पाय ना!"

साकोलीचा आग्रह नागझिऱ्याचा. जंगल त्याच्या दाराशी. तो मूळचा शिक्षक, त्यामुळं प्रस्ताव मांडताना तो फळ्याकडं तोंड करून बोलतो आहे असं फोनवरही वाटतं. पण त्याचाच वाघ त्याच्या विरुद्ध गेला. नागझिऱ्याचा तो प्रसिद्ध 'जय' २०१३ साली आपणहून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला होता. काठानं नेमकं तेच काढलं. "अबे, तुमचा वाघ पायी पायी आमच्याकडे आला अन् तुले गाडीनं याले होत नाही?"

"तो २०१६ पासून कुणाला दिसला नाही," साकोली म्हणाला.

"आपण तरी कुठं दिसलो?" काठ म्हणाला, आणि पवनीचं नक्की झालं.

पवनी भंडाऱ्याहून दक्षिणेला, अड्याळवरून जाणाऱ्या रस्त्यावर. तिन्ही बाजूंनी मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. देवळं इतकी, की गावाला विदर्भाची काशी म्हणतात. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक इथला, त्यामुळं साकोलीच्या घरून परवानगी मिळायला अडचण आली नाही. पण आमचं पवनीशी असलेलं नातं देवळाचं नव्हे, खड्ड्याचं.

१९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथं उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी ही त्यातली मोठी नावं. त्याचा अहवाल १९७२ साली विद्यापीठानं छापला. काम चालू असताना आमच्या सरांनी आमचा सात जणांचा वर्ग एस.टी.नं तिथं नेला होता. गावाबाहेरची जगन्नाथ टेकडी, माथ्यावर जगन्नाथाचं देऊळ. पिढ्यान्‌पिढ्या लोक ती टेकडी समजून चढत होते. ती टेकडी नव्हतीच. आत विटांचा स्तूप होता, मौर्यांच्या काळाइतका जुना, पुढच्या शतकांत टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलेला. त्याचा व्यास निघाला सुमारे ३८ मीटर. सांचीचा मोठा स्तूप ३६ मीटरांच्या थोडा वर. म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या, एस.टी. दिवसातून मोजक्या वेळा जाणाऱ्या गावात सांचीहून रुंद स्तूप झोपलेला होता, आणि शेजारची पोरं त्यावर पतंग उडवत होती.

स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याच्या खांबांवर बोधिवृक्ष, धर्मचक्र, स्तूपाची पूजा करणारी माणसं असं कोरीव काम, आणि जागोजाग ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एकेका ओळीचे लेख. आम्हाला वाटलं, राजेबिजे असतील. सरांनी वाचून दाखवलं तेव्हा आमचा विरस झाला. अमक्याचं दान, तमकीचं दान. कुणी भिक्षू, कुणी भिक्षुणी, कुणी गावातला साधा संसारी माणूस. कुणी एक खांब दिलेला, कुणी कठड्याची एक आडवी पट्टी.

"सर, म्हणजे ही वर्गणीची यादी हाय," मोहाडी म्हणाला होता.

त्या वेळी सगळे हसले. सर हसले नाहीत. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "फक्त ही बुडाली नाही."

त्या एका वाक्यानं मला तीन वर्षांच्या पुस्तकांपेक्षा जास्त इतिहास शिकवला. राजे पवनीतही होऊन गेले. भार वंशातल्या भगदत्त राजाचा शिलालेख इथं मिळाला. रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रपाचा छायास्तंभही मिळाला. छायास्तंभ म्हणजे मेलेल्या माणसाच्या आठवणीचा खांब. हा क्षत्रप कुठून आला, इथं कसा मेला, यावर विद्वान मंडळी बोलत राहतील. पण एवढा मोठा स्तूप उभा राहिला तो एकेका पट्टीचं दान देणाऱ्यांच्या जिवावर, आणि त्यांनी बदल्यात मागितलं काय, तर आपलं नाव. एका लेखात तर देणाऱ्यानं पुढं जोडलंय, की हे सगळ्या जीवांच्या सुखासाठी असो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा वर्गणीदार आमच्या तुमसरला भेटायला हवा होता. तुमसर खजिनदार आहे. माणशी पाचशे ठरले, तेव्हा त्यानं विचारलं होतं, "ज्याला भात चालत नाही त्याला सूट द्यायची का?"

या प्रश्नात तथ्य होतं. तळ्यांच्या आणि धानाच्या जिल्ह्यात जन्म काढून आमच्यापैकी चौघांना डॉक्टरांनी भात सोडायला लावलाय. जेवणाचा बेत म्हणून समितीनं तीन आठवडे वडाभातावर चर्चा केली. एकाला तेल चालत नाही, एकाला वडा, दोघांना भात. वजाबाकी करून ताटात मीठ आणि लिंबू उरलं. मग मीठही एकाला बंद असल्याचं निघालं. शेवटी बाईंनी निर्णय दिला, "एक दिवस सगळे सगळं खाणार. सोमवारी काय व्हायचं ते होईल." समितीच्या इतिहासात एवढा सर्वानुमते झालेला ठराव दुसरा नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. काठ अचानक गप्प झाला. पवनी त्यानंच सुचवलेली, पण कार्यक्रमात संध्याकाळी वैजेश्वराच्या घाटावर बसायचं आणि दुसऱ्या दिवशी गोसीखुर्द धरण बघायचं असं साकोलीनं लिहिलं, तेव्हा तो म्हणाला, "घाटावर येतो. धरनावर नाही येत."

पवनीच्या वरच्या अंगाला वैनगंगेवर गोसीखुर्द झालं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. पुढं वर्षानुवर्षं काम चाललं, खर्च वाढत गेला, २००९ साली राष्ट्रीय प्रकल्प म्हणून त्याची घोषणा झाली. दरम्यान पाणी चढत गेलं आणि काठची गावं उठली. आमच्या काठाचंही उठलं. त्याला आता नवं गावठाण आहे, सरळ रस्ते, नंबराची घरं. आमच्या जुन्या हजेरीवहीवरून मी पत्त्यांची यादी केली, तेव्हा सात पत्त्यांपैकी सहा बदललेले होते. काठाचा बदललेला नव्हता, बुडालेला होता.

त्याच्या वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर तेरा वर्षांनी शेजारच्या पवनीत स्तूप निघाला. सहलीच्या दिवशी आम्ही सगळे भुकेनं कावलेलो असताना हा एकटा खड्ड्याच्या कडेला उभा होता. परत येताना तो एस.टी.त म्हणाला होता, "आमच्या गावचे लोक म्हनत, तुमचा धर्म नवा हाय. आता त्याइले आनून दाखवतो." परवा फोनवर त्याला त्याची आठवण दिली, तर म्हणाला, "वरचं गाव बुडालं, गड्या, अन् खालचं वर आलं. मी खालच्याच गावचा समज." त्यानंतर धरणाचा कार्यक्रम कुणी पुन्हा काढला नाही. साकोलीनं यादीतली ती ओळ स्वतः खोडली, आणि शिक्षकानं स्वतःच्या हातची ओळ खोडणं म्हणजे काय, हे ज्यांनी शिक्षक पाहिलेत त्यांना कळेल.

त्या खांबांवरचं एक शिल्प मला फार आवडतं. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानात बसले असता सात दिवस पाऊस लागला, तेव्हा मुचलिंद नागानं त्यांच्यावर फणा धरला, अशी कथा. पवनीच्या शिल्पात नाग आहे, फणा आहे, नागाचं नावही कोरलंय. बुद्ध नाहीत. आसन रिकामं आहे. त्या काळचे शिल्पकार बुद्धाची मूर्ती करत नसत. झाड, पाउलं, रिकामी जागा एवढ्यावर भागवत, आणि बघणाऱ्याला कळे. विद्यार्थीदशेत मला वाटे, ही काय कंजुषी! एवढा दगड आहे, माणूस कोरायला काय झालं? आता मेळाव्याच्या खुर्च्या मोजताना तसं वाटत नाही. मांडववाल्यानं विचारलं, "किती मांडू?" मी म्हटलं सहा. मागून बाईंनी फोनवरच दुरुस्त केलं, "सात." मांडववाल्यानं सात लिहिल्या. खुर्ची पाच रुपये भाड्यानं मिळते, एवढ्या खर्चाला तुमसरनंही हरकत घेतली नाही.

आणि गेल्या आठवड्यात तुमसरचा फोन आला. आवाज हिशोब न जुळल्यावर होतो तसा. "अबे, मोहाडीच्या वहिनीनं पाचशे पाठवले."

"कशाचे?"

"नवऱ्याची वर्गणी म्हने. कपाटात कॉलेजातला फोटो सापडला, मागं आपल्या सगळ्यांची नावं लिवलेली. आता मले सांग, हे जमा कुठं दाखवू? सभासद म्हनावं तर तो नाही. देणगी म्हनावं तर वहिनी मानत नाही. परत केले तर रडतीन."

मी म्हटलं, तू इतिहासाचा विद्यार्थी आहेस, वही काढ आणि लिही, मोहाडीचं दान.

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. तुमसरसारख्या गिरणीवाल्याला एक ओळ लिहायला एवढा वेळ लागत नाही. मग म्हणाला, "लिवलं." आणि लगेच पुढं, "लाखनीचे अजून आले नाहीत. त्याले ऐकू येत नाही हे मले मान्य हाय, पन वर्गणी ऐकाले कान लागत नाहीत."