रामचंद्रपंत अमात्य : सिंहासनाविना राज्य राखणारा प्रधान

दरबारातील पद वंशपरंपरेने लाभते. ते पेलण्याचे सामर्थ्य मात्र ज्याचे त्यालाच सिद्ध करावे लागते. सतराव्या शतकात जपानमधील क्योतो नगरीत सम्राटाच्या दरबारी घराण्यांकडे बिरुदे व विद्याव्यासंग उरला होता. राज्यसत्ता शोगुनांच्या हाती गेली होती. त्याच शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात नेमके याच्या उलट घडले. राजा दूर देशी गेला आणि राज्याचा भार दरबारातील एका प्रधानावर येऊन पडला. ते प्रधान म्हणजे रामचंद्र नीलकंठ अमात्य.

शिवछत्रपतींच्या सेवेतील निळो सोनदेव यांचे ते पुत्र. राज्याच्या जमाखर्चावर देखरेख ठेवणे हे अमात्यपदाचे मूळ काम होय. परंतु १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला आणि सारेच पालटले. राजाराम महाराज पन्हाळ्याहून गोकाक-सौंदत्तीच्या वाटेने जिंजीकडे गेले. त्याच वर्षी रायगडही मोगलांनी घेतला. अशा वेळी पंतांना 'हुकुमतपन्हा' हा किताब व महाराष्ट्राच्या कारभाराची मुखत्यारी मिळाली. शंकराजी नारायण, संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या साह्याने त्यांनी औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. १६९८ मध्ये महाराज परतले तेव्हा राज्य उभे होते.

या यशाची किंमतही मोठी होती. नव्या वतनांना आळा घालून रोख वेतन देण्याचे शिवछत्रपतींचे धोरण होते. आता खजिना रिता, आणि औरंगजेब वतनांचे आमिष दाखवून मराठे सरदार फोडू लागलेला. तेव्हा त्यांना राखण्यासाठी मराठ्यांनाही वतने व इनामे द्यावी लागली. राज्य तगले, सरदार मात्र प्रबळ झाले.

१७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आल्यावर पंत ताराबाईंच्या पक्षात राहिले. १७१४ साली मात्र ताराबाईंना दूर सारून राजसबाईंचे पुत्र संभाजी यांना गादीवर बसविण्यात आले. त्या घडामोडीत पंतांचाही हात होता. त्यांच्या चरित्राचा हा भाग गौरवाच्या भरात झाकून ठेवणे उचित नव्हे.

याच संभाजी महाराजांच्या नावे १७१५ च्या सुमारास 'आज्ञापत्र' सिद्ध झाले. राजधर्म, प्रधान, सावकार, टोपीकर, दुर्ग व आरमार यांचा विचार त्यात आहे. वतनदार हे स्वतःस लहानसे राजेच समजतात, त्यांना दुखवू नये आणि डोईजडही होऊ देऊ नये, असा इशारा पंत देतात. वतने देण्याचा प्रसंग ज्यांनी स्वतः अनुभवला, त्यांचे हे बोल आहेत. गुंजी-खानापूरच्या वनराईतील वाचकास त्यातील वृक्षांविषयीची आज्ञाही जवळची वाटेल. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेने वर्षानुवर्षे जोपासलेल्या आंब्या-फणसास हात लावू नये. जीर्ण झाड घेणे झाल्यास धन्याची संमती घ्यावी व मोल द्यावे, असे त्यात बजावले आहे.

१७१६ साली पन्हाळ्यावर पंतांचा देहान्त झाला. त्यांची समाधी तेथेच आहे. बावड्याची जहागीर पुढे त्यांच्या वंशजांकडे, पंत अमात्य बावडेकर घराण्याकडे, चालत आली. वतनांविषयी सावध करणाऱ्या प्रधानाचे स्वतःचे घराणेही अखेर जहागीरदारच झाले. कर्त्या पुरुषालाही काळाच्या ओघातून सुटका नसते. तथापि जे हातून साधले नाही ते पुढील पिढ्यांसाठी प्रामाणिकपणे लिहून ठेवता येते. 'आज्ञापत्रा'चे मोल यातच आहे.